बारक्याचं आंबील

"अप्रतिम, बिराजदार! आत्यांना आवर्जून सांगा. पोटात कसं गारगार वाटतं."

टेंभेकर सरांनी स्टीलची बाटली माझ्या हातात परत दिली. धुतलेली, पुसलेली, आत काही होतं याचा नाकालाही पत्ता लागू नये इतकी स्वच्छ. मी ती पिशवीत टाकली आणि संध्याकाळी घरी जाऊन आत्याला निरोप दिला. आत्या फुलून गेली. दुसऱ्या दिवशीच्या बाटलीत लसूण जरा जास्तच पडला.

तेव्हा मी सोलापूरकडच्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात पीएच.डी. करत होते आणि महानंदा आत्याकडे राहत होते. आत्याच्या घरात उन्हाळाभर ज्वारीचं आंबील असायचं. ज्वारीचं पीठ शिजवायचं, गार करायचं, त्यात कालचं उरलेलं आंबील आणि ताक घालून माठात मुरवत ठेवायचं. सकाळी मी निघाले की ती दोन बाटल्या भरायची, एक माझी आणि एक सरांची.

"मास्तर मानूस. उनातानात घसा कोरडा करतोय तुमच्यापायी. ने गं."

सरांना पित्ताचा त्रास आहे, असं मी एकदा सहज बोलून गेले होते. त्यानंतर ती बाटली कधी चुकली नाही.

एक गोष्ट मात्र मी आत्याला सांगितली नव्हती. माझं संशोधन जनावरांवर चालतं, एवढंच तिला माहीत होतं. जनावर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे देवघरातला नंदी यायचा, आणि मी त्याला काही हुसकावलं नाही. रोज महाविद्यालयातच अंघोळ उरकून, कपडे बदलून घरी जायचं, म्हणजे वासाचा प्रश्न नको. कारण माझी जनावरं म्हणजे डुकरं होती, आणि डुकरांतही मला हवी होती ती पिल्लांची विष्ठा.

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात जवळजवळ सामसूम असते. मग आईचं अंग, आईचं दूध, आईची घाण, पायाखालची जमीन, जिथे म्हणून ते तोंड घालतं तिथून जिवाणू आत शिरतात आणि नव्या वसाहतीत प्लॉट धरावेत तशी जागा धरून बसतात. आधी येतात ते दुधावर जगणारे. पुढे दूध तुटतं, दाणा सुरू होतो, जुन्यांचं बस्तान उठतं आणि भलतेच कोणी येऊन बसतात. ही उलथापालथ पिल्लांना जड जाते. हगवण लागते, काही दगावतात. मातीत वाढणाऱ्या आणि रोज धुतलेल्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांच्या पोटात ही वस्ती कशी वेगवेगळी वसते, ते मला बघायचं होतं. त्यासाठी दोन कप्पे, दोन डुकरिणी, आणि दर आठवड्याला प्रत्येक पिल्लाच्या मागच्या बाजूला कापूस गुंडाळलेली काडी. पिल्लू किंचाळायचं, मी "झालं, झालं" म्हणायचे, आणि पिल्लू धरून बसलेला दौलत, तिथला कामगार, तोंड फिरवून म्हणायचा, "येवढं शिकून, ताई, ह्ये?"

सरांचा नियम कडक होता. दारातल्या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बूट बुडवत ते रोज तो नव्यानं सांगायचे.

"आईचं दूध आणि आपण ठरवलेला दाणा. याशिवाय एक थेंब, एक कण आत जाता कामा नये. कुणाला दया आलीच, तर ती इथे ट्रेपाशी काढून ठेवायची आणि जाताना घेऊन जायची."

फरशीच्या कप्प्यात गजरा नावाची डुकरीण होती. नाव दौलतनं ठेवलेलं. तिच्या पिलावळीत एक अगदीच काडीसारखं पिल्लू होतं, बारक्या. धट्टीकट्टी भावंडं पुढची दुधाळ सडं पकडायची आणि बारक्याच्या वाट्याला नेहमी सगळ्यात मागचं, जवळजवळ कोरडं सड यायचं.

"सर, हा काही जगत नाही," मी एकदा म्हटलं.

"मग तशी नोंद करू," सर म्हणाले. आवाजात इतका कोरडेपणा होता की मला गजरेचं ते मागचं सडच आठवलं.

पण बारक्या जगला. नुसता जगला नाही, गुबगुबीत झाला. मला वाटलं, गजरेलाच अखेर त्याची कीव आली असेल. एक गंमत मात्र माझ्या ध्यानात आली होती. सरांच्या बुटांचा आवाज आला की बारक्या धावत फाटकाशी यायचा. आम्ही बाकी सगळे तो आवाज ऐकून उलट्या दिशेला धावायचो.

मग पिल्लांच्या नमुन्यांचे निकाल आले आणि विभागप्रमुख जहागीरदार मॅडमनी आम्हां तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मातीच्या कप्प्यातली पिल्लं एका वळणाची आहेत," मॅडम म्हणाल्या. "फरशीवरचीही एका वळणाची. एक सोडून. तुमच्या त्या बारक्याच्या पोटात तिसरीच मंडळी बसली आहेत."

"म्हणजे कुणीतरी बाहेरचं काही खायला घातलंय!" टेंभेकर सर कडाडले. "कोण तो दयाळू? समोर आणा त्याला. मी स्वतः त्याला फाटकाबाहेर काढतो!"

"ही मंडळी आंबवलेल्या धान्यात सापडतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "इडलीचं पीठ. नाहीतर आंबील."

सरांचं तोंड उघडं होतं ते मिटलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "उकडतंय फार," ते म्हणाले.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. दौलतही माझ्याकडे बघत होता. अख्ख्या विभागात मला आंबीलवाली म्हणत. जेवणाच्या सुट्टीत माझी बाटली उघडली की शेजारची बाकं रिकामी व्हायची.

"बिराजदार, तुम्ही पाजलंत?"

"नाही, मॅडम. शपथेवर सांगते."

"दौलत?"

"मला कोन देतंय, मॅडम? ताईनं इतक्या दिसांत घोटभर घेतोस का म्हणून इचारलं न्हाई."

मॅडमनी चष्मा टेबलावर ठेवला. "उद्या दुपारपर्यंत खरं काय ते मला कळलं पाहिजे. नाहीतर बिराजदार, हा प्रयोग तुमच्याकडे राहणार नाही. नियम तुमच्या सरांचाच आहे."

"मॅडम, एवढी घाई नको," सर पुटपुटले. मी चमकून पाहिलं. घाई नको हे शब्द सरांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

घरी जाताना मला माझे वडील आठवले. माझं शिक्षण आमच्या अप्पांनी घरच्या सगळ्यांशी भांडून चालू ठेवलं होतं. प्रयोग गेला असता तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि पहिल्यापासून सुरुवात करायला मला कुणी परत पाठवलं नसतं. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. बारक्याला मी बोटसुद्धा चाटू दिलं नव्हतं. मग माझं आंबील त्याच्या पोटात गेलं कसं?

दोन बाटल्या. माझी माझ्या पोटात जाते. राहिली दुसरी.

मोरीत बाटल्या घासताना माझा हात थांबला. सरांच्या टेबलावर चहाचे कप आठ-आठ दिवस पडून असायचे. त्यांत साय वाळायची, माश्या बसायच्या. असा माणूस परक्याची बाटली रोज स्वतःच्या हातानं धुतो, झाकणाच्या आट्यासुद्धा पुसतो? मला एकदम हसू फुटलं. मग हसूही आवरलं, कारण सरांवर असा आळ घ्यायचा तर तो तोंडानं घेऊन भागणार नव्हतं.

सकाळी मी बीट किसायला घेतलं.

"काय चाललंय गं?" आत्या म्हणाली.

"सरांच्या अंगात रक्त कमी झालंय, आत्या. त्यांच्या बाटलीत थोडा रस घालते."

"आगं बया! मग येवढुशानं काय हुतंय? हो बाजूला, मी पिळती." आणि तिनं दोन दणदणीत बिटं किसून, फडक्यातून पिळून सगळा रस बाटलीत रिचवला. आंबील गुलाबी झालं.

जेवणाच्या वेळेआधी मी बाटली सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "सर, आज जरा वेगळं आहे. आत्यानं मुद्दाम केलंय."

"वा, वा," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "काय ते अगत्य!"

मग मी आणि दौलत मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. सर येईनात. मॅडमनी शिपाई पाठवला. थोड्या वेळानं सर धापा टाकत आले, पांढरा कोट घातलेला, सगळी बटणं लावलेली. मॅडम खाली मान घालून कागद चाळत होत्या.

सरांच्या कोटावर, डाव्या खिशाच्या खाली, एक गोल गुलाबी शिक्का होता. गोलाच्या मधोमध नाकपुड्यांसारखी दोन भोकं होती. जरा खाली तसाच एक आणखी, थोडा फिसकटलेला.

दौलतनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मॅडम," सर ताठ उभे राहून म्हणाले, "मला काही सांगायचं आहे. बिराजदारांवर ठपका ठेवायला आपल्याकडे पुरावा काय आहे? मी त्यांचा मार्गदर्शक या नात्यानं..."

मॅडमनी मान वर केली. एकदा पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"टेंभेकर," त्या म्हणाल्या, "पुरावा तुमच्या खिशाखाली आहे."

सरांनी खाली पाहिलं. शिक्का बोटानं पुसायला गेले तर तो आणखी पसरला. मग ते खुर्चीत बसले, आणि त्यांचं तोंड मी प्रथमच विद्यार्थ्यासारखं झालेलं पाहिलं.

"मी देवगडकडचा, मॅडम. आंबलेल्या ज्वारीचा वास मला सोसत नाही."

"मग नको म्हणायचं."

"रोज एवढ्या प्रेमानं येतं. कुणाच्या घरून आलेलं नको कसं म्हणणार?"

"मग ओतून टाकायचं."

"अन्न आहे ते!" सर जवळजवळ ओरडलेच, जणू नियम मॅडमनीच मोडला होता. "दोन दिवस खिडकीतल्या कुंडीत घातलं. मुंग्या लागल्या, झाड गेलं. तिसऱ्या दिवशी बाटली घेऊन मी कप्प्यांकडेच गेलो, म्हटलं कुठेतरी मातीत... आणि तो बारक्या उभा होता. भावंडं सगळी लुचतायत आणि हा फाटकाशी एकटा, हाडं वर आलेली." सरांनी पुन्हा त्या शिक्क्याकडे पाहिलं. "मला वाटलं, एक झाकण. फक्त एक झाकणभर."

"आणि नियम?"

"नियम माझाच होता," सर हळू म्हणाले.

खरं तर मी आतून उड्या मारायला हव्या होत्या. पण मला राग आला. "सर, काल तुम्ही बोलला का नाहीत? माझा प्रयोग चालला होता!"

"आज सांगायलाच निघालो होतो, बिराजदार. खरंच. काल वाटलं, हे आत्यांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल."

"आणि आज निघालात तर हे शिक्के?"

"बाटली भरलेली होती ना," सर म्हणाले.

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला, तरी खांदे हलतच होते. निवाडा त्यांनी तसाच, पदराआडून दिला. बारक्या प्रयोगातून बाद. बिराजदार कायम. आणि पिल्लं दूध सोडेपर्यंत दर आठवड्याच्या काड्या टेंभेकर सरांनी स्वतः घ्यायच्या. पुढे कितीतरी दिवस दौलत पिल्लू धरून बसायचा, सर काडी घेऊन वाकायचे, पिल्लू किंचाळायचं, आणि सर म्हणायचे, "झालं, झालं."

दूध तुटलं तेव्हा व्हायचं ते झालं. मातीची पिल्लं ढाळली, फरशीची त्याहून जास्त ढाळली. बारक्या तेवढा दोन्ही कप्प्यांपुढून पाहुण्यासारखा हिंडत होता. एका पिल्लावरून काहीच सिद्ध होत नाही, असं सर मला चार वेळा बजावून म्हणाले, आणि पाचव्यांदा म्हणाले, "पण बघायला काय हरकत आहे?" पुढच्या वेतांच्या वेळी मातीचा गट, फरशीचा गट आणि आंबिलाचा गट, असे तीन गट करायचं ठरलं. मॅडमनी एकच अट घातली. आंबील बदलायचं नाही. त्याच घरचं, त्याच माठातलं हवं.

म्हणजे माझी पदवी आता आत्याच्या माठात येऊन बसली होती.

"आत्या, सरांच्या तिथे सगळ्यांनाच तुझं आंबील हवंय. रोज हंडाभर लागेल."

"हंडाभर?" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती जण हायत गं?"

"बरेच आहेत. लहान लहान आहेत सगळे."

"लेकरं? मग लसूण, मीठ नगं घालाया. पोटं नाजूक असत्यात."

मी मान डोलावली. सांगायला हवं होतं, हे कळत होतं. पण तिनं माठाला हात लावायचा नाही म्हटलं असतं, तर सगळंच बसलं असतं. आणि तिची ती धांदल, शेजारणींना बोलावून "कालिजातल्या लेकरांसाठी" म्हणून पीठ निवडणं बघून माझी जीभच उचलेना.

एके दिवशी कप्प्यांकडे गेले तर फाटकापाशी रिक्षा उभी. दौलत मोठ्या अभिमानानं आत्याला आत घेऊन गेला होता. ती हंडा घेऊन स्वतःच आली होती, लेकरं बघायला.

मी धावत पोचले तेव्हा आत्या कठड्याला धरून उभी होती. समोर आंबिलाचा गट गव्हाणीत कानापर्यंत बुडाला होता. कप्प्याबाहेर त्याच्यासाठी वेगळी थाळी होती, तीत चांगला दांडगा झालेला बारक्या पुढचे दोन्ही पाय घालून पीत होता. पलीकडे टेंभेकर सर एका हातात पिल्लू आणि एका हातात काडी घेऊन जागच्या जागी थिजले होते.

"सुवर्णे," आत्या वळून न बघता म्हणाली, "हीच का गं लेकरं?"

"हो, आत्या."

"लई आवडतंय बगा ह्यास्नी, मावशी," दौलत म्हणाला. त्याला मी डोळ्यांनी गप्प करायला गेले, पण उशीर झाला होता.

आत्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं. शेवटी म्हणाली, "पित्यात बरीक नीट. सांडीत न्हाईत." मग सरांकडे वळली. "आन तुमी?"

सरांना "अप्रतिम" म्हणता आलं असतं. इतके दिवस म्हटलंच होतं. त्यांनी पिल्लू खाली सोडलं.

"नाही, आत्याबाई. एकदाही प्यालो नाही. वास सोसत नाही मला. तुमचं सगळं आंबील या बारक्यानं प्यालं."

आत्याचा चेहरा पडला. डुकरं बघून पडला नव्हता तो आता पडला.

"डुकरानं पिलं त्येचं काय न्हाई," ती म्हणाली. "त्येला भूक लागती, ते पितंय. पर तुमी रोज निरोप धाडीत हुता. मी शेजारपाजारी सांगत फिरली, सर निस्तं माजंच आंबील पित्यात म्हणून."

सर मान खाली घालून उभे. हंडा आत्याच्या पायाशी होता आणि तिचा हात त्याच्या काठावर. तो हंडा उचलून ती रिक्षात बसली असती, तर माझं काम तिथेच संपलं असतं. मला "आत्या, माझी पदवी" म्हणायचं होतं, पण त्या घटकेला ते बोलणं फार लाजिरवाणं वाटलं.

"तोंडात घेतलं हुतं का कवा?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"जिभंला लावलं हुतं?"

"नाही."

"मग सोसत न्हाई ते कसं कळलं? येवढं परयोग करता दिसभर."

दौलत हसला आणि लगेच खोकला. आत्यानं पिशवीत हात घातला आणि झाकण लावलेला एक छोटा तांब्या आणि एक पेला बाहेर काढला.

"ह्यात लसूण हाय, जिरं हाय," ती म्हणाली. "लेकरांसंगं तुमचं बिनमिठाचं हुईल म्हणून तुमच्यासाटी येगळं केलं हुतं."

तिनं पेला भरला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. लसणाचा वास फाटकापर्यंत गेला असावा, कारण बारक्यानं थाळीतून तोंड वर काढलं, पेल्याकडे पाहिलं, आणि आपल्या हक्काचं कुणी पळवत असल्यासारखा असा कोकलला की गजरासुद्धा उठून बसली.

सरांनी डोळे मिटले आणि पिऊ लागले. मध्ये एकदा थांबले. मला वाटलं, आता संपलं. पण ते तळापर्यंत प्याले. मिशीला लागलेलं पांढरं हाताच्या पाठीनं पुसलं.

"अप्रतिम," ते म्हणाले.

आत्यानं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मीही पाहिलं. खरं म्हणाले की सवयीनं, हे मला आजही सांगता यायचं नाही. आत्यालाही ते कळलं नसावं. तिनं तांब्या उचलला आणि पेला पुन्हा काठोकाठ भरला.